कॉन्ट्रॅक्टर लायसन काढताय? आधी या चुका टाळा

पुण्यात वाघोली, धायरी, हिंजवडी, जिकडे बघावं तिकडे कामं चालूयत आणि दर आठवड्याला कोणीतरी नवीन पोरगा विचारतोच, "दादा, कॉन्ट्रॅक्टर लायसन कुठून काढू?" मी आधी उलटं विचारतो, काम सरकारी का खाजगी, कसलं काम आणि साइटवर माणसं किती? कारण सगळीकडे चालेल असं एकच लायसन नसतंच.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे शॉप अ‍ॅक्टलाच लायसन समजणं. तो धंद्याचा पुरावा झाला, करंट अकाउंटला उपयोगी पडतो, पण त्यावर टेंडर भरता येत नाही. जीएसटीचंही तसंच, वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या वर गेली की तो घ्यावाच लागतो पण ते काही बांधकामाचं लायसन नाही.

दुसरी चूक इलेक्ट्रिकलची, आणि ही मी स्वतः भोगलीये. धायरीत एका बंगल्याचं वायरिंग ओळखीच्या वायरमनला दिलं, माणूस कामाला चांगला, वायरमन परमिट पण होतं. मीटरच्या अर्जाला टेस्ट रिपोर्ट लागला तेव्हा कळलं की त्यावर लायसनवाल्या इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरचीच सही-शिक्का पाहिजे, नुसतं परमिट चालत नाही. तोवर प्लास्टर होऊन पुट्टी मारून झालेली. नवीन कॉन्ट्रॅक्टर म्हणाला बघितल्याशिवाय सही करणार नाही, आणि बरोबरच होतं त्याचं, मग बोर्ड उघडले, अर्थिंग परत तपासलं, पझेशन लांबलं आणि घरमालक काकांचे रोज फोन. म्हणून सांगतो, काम द्यायच्या आधीच लायसन मागा आणि त्यावरची मुदत बघा.

सरकारी कामाला पीडब्ल्यूडीत (सार्वजनिक बांधकाम विभागात) रजिस्ट्रेशन करताना वर्ग नीट निवडा, किती रकमेपर्यंतचं टेंडर भरता येणार ते त्यावर ठरतं. सिव्हिलचा डिप्लोमा किंवा डिग्री असेल तर थेट खुल्या वर्गात पळू नका, सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून नोंदणी होते का ते आधी बघा, छोट्या कामांत ठरावीक वाटा त्यांच्यासाठी असतो. आणि पीडब्ल्यूडीचं आहे म्हणजे महापालिकेतही चालेल असं धरू नका, टेंडर नोटीस शेवटच्या पानापर्यंत वाचा.

लेबर लायसनमध्ये तर दोन्हीकडून गोंधळ. 12 माणसं असलेला पण एजंटच्या नादाने लेबर लायसन काढत बसतो, खरं तर ते महाराष्ट्रात 50 कंत्राटी कामगारांपासून लागतं. पण बांधकाम कामगारांसाठीची नोंदणी 10 माणसांपासूनच लागते आणि ती मात्र विसरतात! ईएसआयसी (कामगारांचा विमा) पण 10 माणसांपासून, पीएफ 20 पासून.

अर्ज परत आला असेल तर आधी नाव बघा. एका मित्राच्या पॅनवर "कन्स्ट्रक्शन", जीएसटीवर "कन्स्ट्रक्शन्स", तेवढ्यावरून फाइल अडकली होती, नाव दुरुस्त करून परत भरली आणि झालं काम.