जुन्या पोकलेनचा फॉल्ट कोड: पार्ट मागवण्याआधी

पोकलेनच्या मॉनिटरवर फॉल्ट कोड, म्हणजे बिघाडाचा आकडा, चमकला की नव्या मेकॅनिकचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "याचा पार्ट कुठला मागवायचा?" मी आधी विचारतो, कोड आत्ता चालू आहे की जुना साठलेला? मॉनिटरच्या सर्व्हिस मेनूत दोन्ही वेगळे दिसतात. बऱ्याच मशीनवर तो कोड किती वेळा आला आणि मशीन चालल्याच्या कितव्या तासाला आला, हेही नोंदलेलं असतं. दोन हजार तासांपूर्वी एकदाच आलेल्या कोडमागे धावण्यात अर्थ नसतो. काहीही पुसायच्या आधी मोबाईलवर या यादीचा फोटो काढून ठेवा. एकदा पुसली की मशीनचा इतिहास गेला.

इंजिनकडचे कोड बऱ्याच मशीनवर जे१९३९ या जड वाहनांसाठीच्या ठरलेल्या पद्धतीचे असतात आणि त्यात दोन आकडे असतात. एसपीएन सांगतो कुठे, एफएमआय सांगतो काय. एसपीएन 100 म्हणजे इंजिन ऑइलचं प्रेशर, 110 म्हणजे कूलंटचं तापमान, 157 म्हणजे फ्युएल रेलचं प्रेशर. शिकणारी पोरं हे पटकन पाठ करतात आणि दुसऱ्या आकड्याकडे बघतच नाहीत. खरी गोष्ट तिथेच असते. 100 सोबत 1 आला, तर कॉम्प्युटरच्या मते प्रेशर धोक्याच्या पातळीखाली गेलंय. इंजिन ताबडतोब बंद करा, ऑइलची पातळी बघा आणि मेकॅनिकल गेज लावून खात्री करा. त्याच 100 सोबत 4 आला, तर सेन्सरच्या वायरवर व्होल्टेज कमी मिळतंय, आणि ते काम मल्टीमीटरचं आहे. 3 म्हणजे व्होल्टेज जास्त, 5 म्हणजे करंट कमी, बहुधा सर्किट कुठेतरी तुटलंय, 6 म्हणजे करंट जास्त. 5 आणि 6 सोलेनॉइडच्या (विजेवर उघडझाप होणाऱ्या व्हॉल्व्हच्या कॉइलच्या) बाबतीत जास्त भेटतात. हायड्रॉलिक बाजूचे कोड मात्र प्रत्येक कंपनीचे आपापले. तिथे त्याच मॉडेलचं, त्याच सीरियल नंबरला लागू होणारं मॅन्युअल हवं. शेजारच्या मॉडेलचं चालत नाही, पिनांचे नंबर बदललेले असतात.

सेन्सर खराब की वायर, हे ओळखायची एक पद्धत मी प्रत्येकाला पहिल्याच आठवड्यात हाताने करायला लावतो. समजा कूलंट तापमानाच्या दोन वायरच्या सेन्सरचा कोड 4, म्हणजे एफएमआय 4, आलाय. कपलर (वायर जोडणारा प्लग) सोडा, चावी ऑन करा. आता कोड 4 चा 3 झाला तर वायर आणि कॉम्प्युटर दोन्ही ठीक आहेत, सेन्सरच आतून शॉर्ट आहे. कपलर सोडूनही 4 च राहिला, तर वायर कुठेतरी बॉडीला घासून शॉर्ट झाली असेल, क्वचित कॉम्प्युटरची ती पिन गेलेली असेल. उलट, कोड 3 असेल तर हार्नेसकडच्या (वायरच्या जुडग्याकडच्या) कपलरच्या दोन पिना जंपर वायरने जोडा. 4 आला तर वायरिंग शाबूत, सेन्सरच आतून तुटलाय. 3 च राहिला तर वायर तुटलीय. पाच मिनिटांचं काम, आणि नवा सेन्सर लागणार की नाही ते कळतं. जंपर फक्त या दोन वायरच्या सेन्सरला. तीन वायरच्या प्रेशर सेन्सरला अंदाजाने पिना जोडल्या तर पाच व्होल्टची लाइनच शॉर्ट होते.

त्या पाच व्होल्टच्या लाइनीबद्दल थोडं सांगतो. अनेक प्रेशर सेन्सरना कॉम्प्युटर एकच पाच व्होल्टचा पुरवठा देतो आणि सेन्सर साधारण 0.5 ते 4.5 व्होल्टच्या दरम्यान सिग्नल परत पाठवतो. एक मशीन आलं होतं, त्यावर एकदम तीन प्रेशर सेन्सरचे कोड. मालकाने त्यातला एक सेन्सर आधीच बदलला होता, फरक शून्य. तीन सेन्सर एकाच दिवशी मरत नाहीत. मीटरवर पाच व्होल्टच्या जागी एक व्होल्टही नव्हता. सेन्सरचे कपलर एकेक करून सोडत गेलो. तिसरा सोडला आणि मीटर पाचवर चढला. त्या एकाच्या आत पाणी शिरलं होतं आणि त्याने सगळ्यांचा पुरवठा ओढून खाली आणला होता.

जुन्या मशीनचं खरं दुखणं म्हणजे आधीच्या हातांनी केलेली कामं. जादा लाइट, जीपीएस, दगड फोडायच्या ब्रेकरची लाइन यासाठी हार्नेसमधून पीळ मारून वायर काढलेल्या असतात आणि वर टेप. त्या टेपखाली हिरवा गंज बसतो. उंदरांचा विषय वेगळाच. तुम्हीही मीटरची सुई वायरच्या कातडीतून आरपार घालू नका, पुढच्या पावसात त्या भोकातून पाणी शिरतं. कपलरच्या मागच्या बाजूने बारीक पिन सरकवून मोजा.

आणि या सगळ्याच्या आधी बॅटरी. सिस्टम चोवीस व्होल्टची, म्हणजे बाराच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये. इंजिन चालू असताना 27 ते 28.5 च्या आसपास व्होल्टेज दिसलं पाहिजे. स्टार्टर फिरताना ते फार पडलं, तर एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा कोड एकदम उगवतात. मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसवर, दुसरं चेसिसवर ठेवा आणि स्टार्टर मारा. अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं तर अर्थिंगची पट्टी काढून घासा. वेगवेगळे कंट्रोलर एकमेकांशी बोलत नसल्याचा कोड असेल, तर बॅटरीचा मेन स्विच बंद करून कॅनच्या, म्हणजे कंट्रोलर ज्यावरून एकमेकांशी बोलतात त्या लाइनीच्या, दोन वायरमधला रेझिस्टन्स मोजा. साठ ओहमच्या जवळ हवा. एकशेवीस दिसला तर एका टोकाचा टर्मिनेटर (लाइनीच्या टोकाला लावलेला रेझिस्टर) गायब आहे किंवा वायर तुटलीय.

कोड नाही म्हणजे मशीन ठणठणीत, असंही नाही. झिजलेला पंप बहुतेक वेळा मॉनिटरला कळतच नाही. मशीन गरम झाल्यावर ढिली पडते आणि स्क्रीन स्वच्छ, तेव्हा प्रेशर गेज लावायचा. वीस टनी वर्गात मेन प्रेशर साधारण 350 किलोच्या (प्रति चौरस सेंटीमीटर) आसपास आणि पायलट, म्हणजे लिव्हरकडून व्हॉल्व्ह हलवणारं कमी प्रेशर, 40 च्या आसपास असतं, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये. सगळीच कामं ढिली असतील तर पंप, पायलट किंवा मेन रिलीफ (जास्तीचं प्रेशर सोडणारा व्हॉल्व्ह). फक्त बूम ढिला असेल तर त्याचा पोर्ट रिलीफ (फक्त त्या लाइनीचा रिलीफ), स्पूल (तेल वळवणारा व्हॉल्व्हमधला दांडा) किंवा सिलिंडरची सील.

गेज लावण्याआधी बकेट जमिनीवर, इंजिन बंद, चावी ऑन ठेवून लिव्हर सगळ्या दिशांना हलवा आणि हायड्रॉलिक टाकीची हवा सोडा. गळती हाताने चाचपू नका, पुठ्ठा धरून बघा. बारीक भोकातून येणारं तेल कातडीच्या आत शिरतं. जखम टाचणीएवढी दिसली तरी सरळ दवाखाना गाठायचा.

विकत घ्यायला मशीन बघत असाल तर चावी ऑन करून इंजिन न लावता थांबा. वॉर्निंगचे दिवे क्षणभर पेटले पाहिजेत. एखादा पेटतच नसेल तर कोणी तो मुद्दाम काढलाय का, ते बघा. मॉनिटरचे तास आणि इंजिन कंट्रोलरचे तास जुळवून पाहा, मॉनिटर बदललेला असेल तर तिथे कळतं. हजारो तास चाललेल्या मशीनची फॉल्ट यादी कोरी करकरीत असेल तर ती कालच पुसलेली समजा. तेल चांगलं गरम होईपर्यंत मशीन लोडवर चालवून घ्या आणि यादी पुन्हा उघडा.