दप्तर आणायला निघण्याआधी

१५ जूनच्या आधीचा शनिवार-रविवार सोडा. पुण्यात आप्पा बळवंत चौकात तेव्हा उभं राहायला जागा नसते आणि दुकानदारालाही पट्टे जुळवून दाखवायला वेळ नसतो. मेअखेरीस आडवारी जा. मुलाला बरोबर न्या. फोनवर फोटो पाठवून दप्तर घेता येत नाही.

पण आधी घरी पाठ मोजा. मागच्या खेपेला दप्तर आणताना नेमकं हेच राहिलं होतं. मुलाला मान खाली घालायला सांगा. मानेच्या मुळाशी जे हाड टचकन वर येतं, तिथे टेपचं टोक धरा. मग त्याला कमरेवर हात ठेवू द्या. तळहाताखाली हाडाची कड लागते, त्या पातळीपर्यंत टेप खाली आणा. ही झाली पाठ. १४ इंच भरली, तर दप्तर १४ इंचांच्या आतलं. चित्र कुठलं, कप्पे किती, हे नंतर. फ्रॉक घ्या वाढत्या अंगाचा, बूट घ्या अर्धा नंबर मोठे. दप्तर वाढत्या अंगाचं घ्यायचं नाही. 'दोन वर्षं आरामात जाईल' असं म्हणत दुकानदार १८ इंची पुढे करेल. ते मागे लोंबकळतं, ओझं पाठीपासून लांब जातं आणि तोल सांभाळायला मूल कमरेतून पुढे वाकतं. शिवाय जागा आहे म्हटल्यावर ते भरतंच. म्हणून टेप खिशात घालूनच निघा आणि दुकानात दप्तरही मोजा, लेबलवर विसंबू नका.

पट्टे दोन, खांद्यावर साधारण दोन इंच रुंद, आत फोम. पट्टा वरच्या बाजूला जिथे शिवलाय तिथे बोट फिरवा: चौकोनात फुलीची दुहेरी टीप हवी. एकेरी असेल तर गणपतीपर्यंत उसवणार. मग पट्टा घट्ट करून खालून जोरात ओढा. बकलातून सरकला तर ठेवून द्या. भिजल्यावर आणखी सरकेल. छातीवरचा पट्टा असेल तर उत्तम. चाकाचं दप्तर तिसऱ्या मजल्यावरच्या वर्गात हातानेच उचलावं लागतं, तेव्हा नको.

वजन. केंद्राच्या २०२०च्या दप्तर धोरणात मर्यादा मुलाच्या वजनाच्या १० टक्के आहे, पहिली-दुसरीला १.६ ते २.२ किलो. म्हणजे २२ किलोच्या मुलीला सगळं मिळून २.२. रिकामं दप्तरच किलोभर असेल तर संपलंच. स्टीलची पाऊण लिटरची बाटली भरली की जवळपास किलोची होते. शाळेत प्यायचं पाणी चांगलं असेल तर अर्धीच भरा. वजनकाट्यावर मुलाला आधी दप्तरासकट, मग दप्तराशिवाय उभं करा आणि वजाबाकी करा.

जाड पुस्तकं पाठीला लागून, डबा पुढे. दप्तर खुर्चीवर ठेवून, गुडघ्यात वाकून एकेक हात घालायचा. जमिनीवरून हिसका देऊन उचलायचं नाही. पट्टे इतके ओढा की तळ कमरेखाली चार इंचांहून जास्त उतरणार नाही. एका खांद्यावर कधीच नाही. खांद्यावर लाल वळ किंवा हाताला मुंग्या आल्या तर शाळेत जाताना दटावत बसू नका, त्याच दिवशी दप्तर उपसा.

स्कूटरवर मागे बसणाऱ्या मुलाच्या पाठीवर भरलेलं दप्तर ठेवू नका, ते मागे ओढतं. पायाशी ठेवा, पट्टे आत खोचून. रिक्षात, व्हॅनमध्ये काढून मांडीवर. रेनकव्हर, नाव, झालं.

दिवाळीच्या सुट्टीत पट्टे पुन्हा जुळवा. आणि पाठ पुन्हा मोजा. टेप शिवणाच्या डब्यात असते.