लेखकाच्या प्रेमसंबंधांवरून कथा वाचताना या चुका टाळा

लेखकाची प्रेमपत्रं छापून आली की त्याच्या कथांतल्या बायका प्रत्यक्षात कोण होत्या, याचा शोध सुरू होतो. असं वाचणं मुळात चूक नाही. कधीकधी लेखक स्वतःच धागा हाती देतो. पण तो कुठवर पोचतो हे तपासलं नाही, तर कथा बाजूला पडते. प्रागचा जर्मन भाषेत लिहिणारा लेखक फ्रान्झ काफ्का याच्या बाबतीत हे फार झालं आहे, म्हणून मुख्य उदाहरण त्याचंच.

प्रकाशनाचं साल धरू नका

त्याची कादंबरी 'द ट्रायल' 1925मध्ये आली, 'द कॅसल' 1926मध्ये. काफ्का 1924मध्येच वारला होता, त्यामुळे ही सालं इथे निरुपयोगी आहेत. कागदावर दोन रकाने आखा: एकात नात्यातल्या घटना, दुसऱ्यात प्रत्यक्ष लेखनाच्या तारखा. 13 ऑगस्ट 1912ला काफ्काची पुढची वाग्दत्त वधू फेलिस बाउअर हिची भेट झाली आणि 22 सप्टेंबरच्या रात्री बसून त्याने पहाटेपर्यंत 'द जजमेंट' ही कथा पुरी केली. 12 जुलै 1914ला बर्लिनच्या एका हॉटेलात दोघांचा साखरपुडा मोडला, ऑगस्टमध्ये 'द ट्रायल' सुरू झाली. तारखा इतक्या जवळ असतील तर संबंध तपासण्याजोगा आहे. तरी तिसरा रकाना ठेवाच, बाकीच्या घडामोडींसाठी. त्याच ऑगस्टमध्ये महायुद्धही पेटलं होतं.

नावं जुळली म्हणजे अर्थ लागला, असं नाही

सगळ्यात जास्त गडबड इथे होते. 'द जजमेंट'मधल्या वाग्दत्त वधूचं नाव फ्रीडा ब्रांडेनफेल्ड. आद्याक्षरं फेलिस बाउअरचीच, आणि रोमन लिपीत 'फ्रीडा' व 'फेलिस' दोन्ही सहा अक्षरी. ही जुळणी काफ्काने फेब्रुवारी 1913मध्ये स्वतःच डायरीत टिपली आहे. कथाही फेलिसलाच अर्पण केलेली. म्हणजे दुवा पक्का आहे.

आता कथा पुन्हा उघडा आणि फ्रीडा जिथे जिथे येते तिथे समासात पेन्सिलीने खूण करा. खुणा मोजक्याच पडतात. कथेचा सगळा भार मुलगा आणि बाप यांच्यावर आहे. पीटर्सबर्गच्या मित्राला लिहिलेल्या पत्रावरून बाप खवळतो, मुलाला बुडून मरण्याची शिक्षा फर्मावतो आणि मुलगा धावत जाऊन पुलावरून उडी टाकतो. ही शिक्षा मुलगा का मानतो, याचं उत्तर फेलिसच्या चरित्रात मिळत नाही. खुणा नसलेल्या पानांबद्दल तुमच्या अर्थाला काहीच सांगता येत नसेल, तर तो अर्थ नव्हे, फक्त उगम आहे. दोन्हींची किंमत वेगळी.

एका बाजूच्या पत्रांना साक्षीदार मानू नका

काफ्काने फेलिसला लिहिलेली पत्रं 1967मध्ये पुस्तकरूपाने आली. तिची उत्तरं उपलब्ध नाहीत. म्हणजे आपण ओळखतो ती फेलिस काफ्काच्या लेखणीतून उतरलेली आहे. कादंबरीतली बाई आणि पत्रांतली बाई सारखी दिसते, हा त्यामुळे पुरावा ठरत नाही. दोघींना घडवणारा हात एकच आहे.

गोल गोल फिरू नका

'द कॅसल'मध्येही एक फ्रीडा आहे, पण ती वेगळी. ती म्हणजे काफ्काची नंतरची प्रेयसी मिलेना येसेन्स्का आणि कादंबरीतला अधिकारी क्लाम म्हणजे मिलेनाचा नवरा एर्न्स्ट पोलाक, असं नेहमी सांगितलं जातं. पुढे क्लामच्या वर्णनावरून पोलाकचा स्वभाव ठरवला जातो आणि त्या स्वभावाच्या आधारे परत क्लामचा अर्थ लावला जातो. नियम साधा ठेवा: जी माहिती कादंबरीतून उचलली, ती कादंबरीचा पुरावा म्हणून वापरायची नाही. मिलेना स्वतः पत्रकार होती, काफ्काचं लेखन तिने चेकमध्ये आणलं. तिचं चरित्र लिहायला फ्रीडा लागत नाही.

शेवटाचं श्रेय प्रेमाला देण्याआधी

इंग्रज कादंबरीकार डिकन्सच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'मधल्या एस्टेलाचा संबंध त्याची प्रेयसी, अभिनेत्री एलन टर्नन हिच्याशी जोडतात. मग नायक पिप आणि एस्टेला पुन्हा भेटतात तो आशेचा शेवट डिकन्सच्या प्रेमातून आला, असं म्हणायचा मोह होतो. प्रत्यक्षात त्याने आधी दोघांची कायमची ताटातूट लिहिली होती आणि 1861मध्ये बुल्वर-लिटन या लेखकमित्राच्या सांगण्यावरून ती बदलली. म्हणून कुठलाही प्रसंग प्रेमाच्या खात्यावर टाकण्यापूर्वी आधीचा खर्डा, संपादकांचा आणि मित्रांचा पत्रव्यवहार पाहा. नंतरच वरच्या कागदावर चौथा रकाना आखा: कोणता बदल, कुणाच्या सांगण्यावरून.