लेझरने ब्लॉकेज काढायचं ठरलंय? सही करण्याआधी एवढं विचारा

हृदयाच्या नसेतल्या ब्लॉकेजसाठी डॉक्टरांनी लेझर म्हटलं की नातेवाईकांना वाटतं चला, आता स्टेंट नको, बायपास नको, लेझर मारला की नस साफ. मी कॅथलॅबमध्ये, म्हणजे जिथे अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टी होते तिथे, टेक्निशियन आहे आणि बाहेरच्या बाकड्यावर बसलेल्या लोकांकडून हे इतक्या वेळा ऐकलंय की म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकावं. लेझर वाट करून देतो, त्यानंतर नस आतून रुंद करायचा फुगा लागतोच आणि बऱ्याचदा स्टेंट, म्हणजे नस उघडी ठेवणारी जाळी, पण लागतो. हे आधी मनात पक्कं करा, म्हणजे नंतर फसवल्यासारखं वाटत नाही.

आता पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की आमच्या पेशंटला लेझरच का? याचं उत्तर सरळ मिळालं पाहिजे. जुना स्टेंट आतून परत भरलाय, किंवा वायर पलीकडे जाते पण फुगा काही केल्या जात नाही, किंवा नसेत गुठळी खूप आहे, बायपासची जुनी नस खराब झालीय, अशी कारणं असली तर लेझरला खरंच अर्थ आहे. पण ब्लॉकेज नुसतं दगडासारखं कॅल्शियमचं असेल तर लेझर तिथे कमी पडतो, त्याला हिऱ्याच्या कणांची फिरणारी ड्रिल म्हणजे रोटा, नाहीतर दणक्यांनी कॅल्शियम फोडणारा शॉकवेव्हचा फुगा जास्त बरा. साधं ब्लॉकेज असेल तर लेझर, रोटा, शॉकवेव्ह यातलं काहीच लागत नाही, आणि हे विचारायला अजिबात लाजू नका.

भाजणार नाही ना आतून, असं सगळे विचारतात. भीती चुकीची नाहीये, 80 च्या दशकात सुरुवातीचे लेझर सलग उष्णता देणारे होते आणि त्यांनी नसा भाजायच्या, भोकं पडायची. आत्ताचा एक्सायमर लेझर वेगळा आहे, 308 नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश, तोही सलग नाही तर अगदी बारीक बारीक ठोक्यांनी, आणि एका वेळी जेमतेम 50 मायक्रॉन खोल जातो म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी. चेन्नईत जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन अमेरिकेत आयबीएममध्ये होते, त्यांनी 1981 मध्ये सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्कीच्या तुकड्यावर एक्सायमर लेझर मारून बघितला आणि आजूबाजूचं काही न जळता स्वच्छ काप गेला, डोळ्यांचं लॅसिक पण तिथूनच आलं. मला ही गोष्ट सांगायला फार आवडते. हृदयाच्या नसांसाठी अमेरिकेत 1992 मध्ये परवानगी मिळाली, म्हणजे हे काही कालचं नाही.

जाताना जुन्या अँजिओग्राफीची सीडी न्या, नुसता कागदी रिपोर्ट नको. क्रिएटिनीनचा म्हणजे किडनीच्या तपासणीचा रिपोर्ट न्या कारण डाय, म्हणजे नसा दिसाव्यात म्हणून सोडतात ते औषध, किडनीतून जातो, शुगरची मेटफॉर्मिन चालू असेल किंवा डायची ॲलर्जी झाली असेल तर आधीच सांगा, आणि रक्त पातळ करायची गोळी मनाने बंद करू नका. खर्चाचं म्हणाल तर स्टेंटच्या किमतीला 2017 पासून सरकारी मर्यादा आहे, पण लेझरच्या कॅथेटरचे पैसे किती ते वेगळं लिहून घ्या आणि विमा कंपनीकडून तेवढ्याची मंजुरी आली का तेही बघा.

आत पेशंट जागा असतो, मनगटातून किंवा मांडीतून नळी जाते, आणि सगळ्यांना, पेशंटला पण, खास चष्मा लावतात. घाबरायचं नाही, तो डोळ्यांसाठी असतो. लेझर चालू करायच्या आधी आम्ही डाय आणि रक्त सलाईनने धुवून काढतो, कारण लेझर डायवर पडला की बुडबुडे फुटून दणका बसतो आणि नसेचा आतला थर फाटू शकतो. मग कॅथेटर सेकंदाला एक मिलीमीटरपेक्षाही हळू सरकवायचं, साधारण पाच सेकंद मारायचं, दहा सेकंद थांबायचं. ज्याला घाई आहे त्याने हे काम करू नये असं माझं स्पष्ट मत आहे, म्हणून डॉक्टरांना विचारा की तुम्ही लेझरच्या किती केसेस केल्यात. छातीत दुखलं तर लगेच तोंडाने सांगायचं, हलायचं नाही. नस फाटणं, भोक पडणं, कचरा पुढे वाहून जाणं हे धोके थोडे का होईना असतातच, आणि सही करताना ते कोणीतरी समजावून सांगितलेच पाहिजेत.

पायाच्या नसांनाही हेच तंत्र वापरतात, विशेषतः शुगरवाल्यांच्या बोटाची जखम भरत नसेल तेव्हा. तिथे उशीर फार महागात पडतो, बोट काळं पडायची वाट बघू नका.

घरी आल्यावर नळीच्या जागी सूज वाढली, रक्त आलं किंवा हातपाय गार पडला तर लगेच हॉस्पिटल. तंबाखू, मिश्री, बिडी बंद म्हणजे बंद, कोलेस्टेरॉलची गोळी चालू. आणि ॲस्पिरिनसोबतची ती रक्त पातळ ठेवणारी दुसरी गोळी, स्टेंट टाकला असेल तर बहुतेकांना सहा महिने ते वर्षभर असते, ती एक दिवसही चुकवू नका, दात काढायचाय म्हणून कोणी थांबवायला सांगितली तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना फोन करा.