ईआरसीवर प्रश्न विचारला, उत्तर आलं नाही? आधी खालची पट्टी बघा

ईमॅक्स थोडंफार येतं आणि आयआरसी काय ते ठाऊक आहे, असं धरून लिहिते. ईआरसी म्हणजे ईमॅक्समधूनच आयआरसीवर लेखी गप्पा मारायचा प्रोग्रॅम. तो वेगळा उतरवून घ्यावा लागत नाही, 2007 च्या ईमॅक्स 22 पासून तो सोबतच येतो. ऑल्ट-एक्स दाबून ईआरसी-टीएलएस लिहा, पोर्ट 6697, टोपणनाव द्या, की लिबेरा चॅट या आयआरसी नेटवर्कवर पोचलात. पुढे स्लॅश जॉइन आणि चॅनेलचं नाव. एवढं कुणालाही जमतं.

मी अडकले ते दुसरीकडेच. आमचं घर पारोळा तालुक्यात, मळ्यात. पावसाळ्यात वारा सुटला की लाईट जाते. राउटर बंद होतो, लॅपटॉप मात्र बॅटरीवर चालूच राहतो आणि चॅनेलमधलं आधीचं बोलणं समोर तसंच दिसतं. ईमॅक्समधल्या ऑर्ग-मोडबद्दलचा प्रश्न मी अर्धा तास इंग्रजी जुळवून लिहिला. आई दोनदा विचारून गेली, "काय करी ऱ्हायनी वं?" एंटर दाबलं, माझ्या नावासकट ओळ उमटली. उत्तर नाही. असं तीनदा झालं. खेड्यातल्या पोरीच्या मोडक्या इंग्रजीला कोण उत्तर देणार, असं मनात बसलं आणि दोन महिने मी तिकडे फिरकले नाही.

तर हे नीट समजून घ्या. ओळ दिसली म्हणजे ती पोचली असं नाही. ईआरसी तुमची ओळ लगेच तुमच्याच पडद्यावर उमटवतं, सर्व्हरकडून पोच येण्याची वाट बघत नाही. दर 30 सेकंदांनी ते सर्व्हरला हाक मारतं. 120 सेकंद काहीच ऐकू आलं नाही, तर जोडणी तुटली असं धरतं. त्या मधल्या दोन मिनिटांत लिहिलेलं कुणी वाचेल याचा भरवसा नाही. मग ईमॅक्सच्या खालच्या पट्टीत (मोड-लाइनमध्ये) 'क्लोज्ड' येतं, पुन्हा जोडायचे मोजके प्रयत्न होतात आणि तेही थांबतात. मी ती पट्टी कधी वाचलीच नव्हती! आणि तुम्ही बाहेर असताना आलेलं उत्तर लिबेरा तुमच्यासाठी राखून ठेवत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत परत जोडले, तर कुणीतरी माझ्या टोपणनावाने हाक मारली: "तुला तेव्हाच उत्तर दिलं होतं, पण तू पिंग टाइमआउट होऊन गेली होतीस." पिंग टाइमआउट म्हणजे सर्व्हरच्या हाकेला माझ्याकडून उत्तर न गेल्याने जोडणी तुटणं. तीनातला एक प्रश्न पोचला होता तर. मी रडले त्या रात्री.

आता माझ्याकडे ईआरसी-सर्व्हर-रीकनेक्ट-अटेम्प्ट्स या सेटिंगची किंमत टी (t) आहे, म्हणजे जोडणी मिळेपर्यंत ते प्रयत्न सोडत नाही. लाईट गेली की आधी मोबाईलचा हॉटस्पॉट, मग प्रश्न. कायम चालू राहणारं एखादं मशीन हाताशी असेल तर त्यावर झेडएनसी हा तुमच्या वतीने जोडलेला राहणारा प्रोग्रॅम बसवा, तुमच्या गैरहजेरीतलं बोलणं ते साठवून ठेवतं.

सीनियरची ईमॅक्सच्या सेटिंगची तयार कॉन्फिग फाईल मात्र पहिल्या महिन्यात घेऊ नका. मी घेतली होती. काही बिघडलं की कुठल्या ओळीमुळे, तेच कळायचं नाही, आणि ज्यांची फाईल त्यांनाही सांगता यायचं नाही. जो तुमच्या शेजारी बसून एकच ओळ समजावतो, तो माणूस धरा.

घाबरू नका, तिथली माणसं चांगली आहेत. फक्त मी विचारायचे तसं पहाटे पाचला विचारू नका, युरोप झोपलेला असतो. रात्री आठला विचारा, तेव्हा तिकडे दुपार असते, अमेरिकेत सकाळ. आणि जेवायला उठलात तरी लॅपटॉप मिटू नका.