हटके पिक्चरला ढीगभर ऑस्कर मिळाले, ते योग्य होते का हे कसं ठरवायचं?

एखाद्या विचित्र पिक्चरने अवॉर्डं लुटली की लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते मास्टरपीस आहे, तुम्हाला झेपला नाही, आणि दुसरी म्हणते डोक्याला शॉट आहे, ज्युरीने काय बघून दिलं कुणास ठाऊक. (ऑस्करला ज्युरी नसतेच, पण ते पुढे.) तासभर भांडूनही कुठलं अवॉर्ड, कशासाठी, समोर कोण होतं हे कुणी बोलतच नाही. म्हणून माझी पद्धत लिहितोय. उदाहरणाला 'एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल ॲट वन्स' घेतो, कारण इतका चक्रम पिक्चर आणि इतकं घसघशीत यश ही जोडी क्वचितच दिसते: मार्च २०२३ च्या ऑस्करला ११ नॉमिनेशन्स आणि ७ अवॉर्डं. पिक्चर बघितला नसेल तर आधी बघा, पुढे स्पॉयलर आहेत.

आणि बघताना ओरिजिनल भाषेत, सबटायटल्स लावूनच बघा, कारण पिक्चरची नायिका एव्हलिन बापाशी कँटोनीजमध्ये बोलते, नवऱ्याशी मँडरिनमध्ये आणि मुलीशी इंग्लिशमध्ये, आणि आई-मुलीचं जे बिनसलंय त्यातलं अर्धं या भाषांच्या फटीतच आहे, ते डबिंगमध्ये गायब होतं. मग पिक्चर वरवरचा वाटला म्हणून तक्रार करू नका.

पहिलं काम म्हणजे "लायक होता का" हा प्रश्न फोडायचा. सात अवॉर्डं म्हणजे सात वेगळे प्रश्न. एडिटिंगचं अवॉर्ड एडिटिंगला असतं, तुम्हाला शेवट रडका वाटला की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. सातची यादी: बेस्ट पिक्चर, डायरेक्शन, ओरिजिनल स्क्रीनप्ले, एडिटिंग, ॲक्ट्रेस, सपोर्टिंग ॲक्टर, सपोर्टिंग ॲक्ट्रेस. कॉस्च्युम, म्युझिक आणि गाणं यांत हरला, आणि गाण्यात कुणाकडून हरला? 'नाटू नाटू'कडून. म्हणजे सगळ्यांनी डोळे झाकून सगळं याच्याच पदरात टाकलं असं काही झालेलं नाही.

दुसरं, विचित्रपणाची चाचणी. माझ्या मते हे सगळ्यात महत्त्वाचं आणि लोक नेमकं हेच करत नाहीत. विचित्र आहे म्हणून मार्क द्यायचे नाहीत आणि विचित्र आहे म्हणून कापायचेही नाहीत, फक्त एवढंच विचारायचं की ही विचित्र गोष्ट काढून टाकली तर पिक्चरचं काही बिघडतं का? हॉटडॉगसारखी बोटं घ्या. आधी तो निव्वळ पाचकळ जोक वाटतो, पण मग त्याच जगात एव्हलिन आणि ती खडूस टॅक्सवाली बाई एकमेकींच्या प्रेमात आहेत हे दिसतं आणि जिच्यावर आपण इतका वेळ वैतागलो होतो तिच्याबद्दल माया वाटायला लागते. काढून बघा, तिचं अख्खं पात्र कोसळतं. बेगल (मधे भोक असलेला गोल पाव) आणि कपाळावरचा तो खेळण्यातला डोळा तसंच, एक काळं वर्तुळ ज्याच्या मधे पांढरी पोकळी आणि दुसरं पांढरं वर्तुळ ज्याच्या मधे काळा ठिपका, म्हणजे मुलीची निराशा आणि त्यावर आईचं उत्तर दोन आकारांत बसवलंय आणि तोंडाने कुणी काही समजावत नाही. आणि दोन दगड कड्यावर बसून गप्पा मारतात, आवाज नाही, फक्त अक्षरं, तो सीन तर इतक्या गोंगाटानंतर येतो म्हणूनच लागतो.

पण टॅक्स ऑफिसातल्या ट्रॉफीवाला विनोद? तो काढला तर काहीही बिघडत नाही, उलट थोडं बरं होईल. १३९ मिनिटांत अशी ताणलेली ठिकाणं अजूनही आहेत. तुमची यादी वेगळी असेल, हरकत नाही, पण यादी करा. "सगळाच आचरटपणा" हे मत नाही, तो वैताग आहे.

तिसरं, पडद्याबाहेरची गोष्ट बाजूला ठेवायची, आणि हे अवघड आहे. के हुई क्वान लहानपणी १९८४ च्या इंडियाना जोन्समध्ये होता, नंतर कामं मिळेनात म्हणून कित्येक वर्षं ॲक्टिंगपासून लांब राहिला आणि परत येऊन थेट ऑस्कर. एव्हलिन झालेली मिशेल यो मुख्य अभिनेत्रीचं ऑस्कर घेणारी पहिली आशियाई. ऐकूनच गहिवरून येतं, आणि मतदारही माणसंच असतात. म्हणून क्वानचे तीन सीन काढा आणि नाव विसरून बघा, तो एव्हलिनचा नवरा वेमंड झालाय: गल्लीत सूट घालून उभा असलेला श्रीमंत वेमंड, आणि मग लाँड्रीतला भाबडा वेमंड, आणि कमरेच्या पाऊचने मारामारी करणारा वेमंड. खांदे, चालणं, आवाज, तिन्ही वेळेला माणूसच वेगळा. गहिवर वजा केला तरी अवॉर्ड उरतं.

चौथं, समोर कोण होतं ते बघा. नॉमिनेशनची यादी शोधायला दोन मिनिटं लागतात, आणि "लायक" हे नेहमी त्या यादीतल्या बाकीच्यांच्या तुलनेतच असतं. मी असं केलं तेव्हा हे निघालं.

एडिटिंग: वादच नको. एका चेहऱ्यावरून डझनावारी जगं झरझर जातात, फ्रेमचा आकारसुद्धा बदलतो आणि तरी आपण कुठे आहोत ते कळत राहतं.

ॲक्ट्रेस: समोर 'टार'मधली केट ब्लँचेट. खरं सांगायचं तर कुणालाही दिलं असतं तरी तक्रार नव्हती. मिशेल योकडे कॉमेडी, मारामारी, थकलेली आई, सिनेमास्टार असं सगळं एकाच भूमिकेत होतं, म्हणून मला हे पटतं.

सपोर्टिंग ॲक्ट्रेस: इथे मी साफ नाही म्हणतो. टॅक्सवाली बाई झालेली जेमी ली कर्टिस मजेदार आहे, पण त्याच पिक्चरमधली, मुलगी झालेली स्टेफनी शू त्याच कॅटेगरीत नॉमिनेट होती आणि अख्खा पिक्चर तिच्या खांद्यावर आहे. तिलाही नाही तर 'बॅन्शीज ऑफ इनिशेरिन'मधली केरी काँडन होती. हे अवॉर्ड कामापेक्षा एकूण करिअरला मिळालं असं माझं मत. आणि गंमत म्हणजे याच अवॉर्डामुळे एकाच पिक्चरला ॲक्टिंगची तीन ऑस्कर झाली, जे याआधी फक्त १९५१ च्या 'अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर' आणि १९७६ च्या 'नेटवर्क'ला जमलं होतं. रेकॉर्ड झाला म्हणजे न्याय झाला असं नसतं.

डायरेक्शन, स्क्रीनप्ले: स्क्रीनप्ले हो. डायरेक्शन मी 'टार'च्या टॉड फील्डला दिलं असतं, अगदी थोड्या फरकाने.

आता बेस्ट पिक्चर, आणि यासाठी मतदान कसं होतं ते माहीत हवं. बाकी कॅटेगरीत साधा हिशोब, ज्याला जास्त मतं तो जिंकला. मत देतात ते अकॅडमीचे, म्हणजे ऑस्कर देणाऱ्या संस्थेचे सदस्य, आणि बेस्ट पिक्चरला मात्र ते दहाही नावांना क्रम देतात. कुणालाच पहिल्या पसंतीची निम्म्याहून जास्त मतं नसतील तर सगळ्यात खालचा पिक्चर बाद, त्याच्या मतपत्रिका त्यावरच्या पुढच्या पसंतीकडे जातात, आणि कुणीतरी निम्म्यापुढे जाईपर्यंत हे चालतं. म्हणजे काही लोकांना जीव की प्राण आणि बाकीच्यांना नकोसा असा पिक्चर इथे अडकायची शक्यता जास्त, आणि भरपूर लोकांनी दुसरा-तिसरा नंबर दिलेला पिक्चर वर सरकतो. मूठभर स्नॉब लोकांनी जिंकवला हा आरोप त्यामुळे या कॅटेगरीत तरी फारसा टिकत नाही.

तर शेवटचं काम: त्या वर्षीच्या दहापैकी जे बघितलेत त्यांना कागदावर क्रम द्या. भरपूर बघितले नसतील तर आधी बघा, घाई कसली आहे. माझ्या कागदावर पहिला 'टार' आहे आणि दुसरा हा. पण 'टार' तसा थंड, कोरडा पिक्चर, तो मधेच बाद झाला असता तर माझं मत सरकून याच्याकडेच आलं असतं, त्यामुळे मी पहिला नंबर दिलेला नसूनही बेस्ट पिक्चर याला मिळालं ते बरोबरच झालं असं म्हणतो.