परदेशात उतरल्यावर इमिग्रेशनला अडकायचं नसेल तर या चुका टाळा

गोव्यातल्या म्हापशात तिकीट आणि व्हिसाची कामं करताना मला एक गोष्ट कळून चुकलीय. आपल्या माणसांना धास्ती असते ती मोपा विमानतळावरून सुटण्याची. इथून एकदा विमान उडालं की सुटलो, असं वाटतं. प्रत्यक्षात गाठ पडते ती उतरल्यावर, काचेपलीकडच्या अधिकाऱ्याशी. आणि तिथे जे बिनसतं ते बहुतेक वेळा इथेच, फॉर्म भरताना बिनसलेलं असतं. फॉर्म भरतो मुलगा, जावई किंवा एजंट, आणि उत्तरं द्यावी लागतात आई-बाबांना.

डिचोलीच्या एका काकींचं सांगते. मुलगी लंडनला बाळंत झाली, म्हणून काकी निघाल्या. जावयाने फॉर्मवर मुक्काम सहा आठवड्यांचा लिहिला होता, तिकीटही तसंच काढलं होतं. खिडकीवर विचारलं, किती दिवस राहणार? काकी म्हणाल्या, "जमेल तितके." कशासाठी आलात? "बाळाला सांभाळायला." मुलगी नोकरी करते का? "हो, पुढच्या महिन्यात रुजू होणार." झालं. पासपोर्ट ठेवून घेतला आणि काकींना बाजूच्या बाकावर बसवलं. दोन तास त्या तिथे होत्या, मांडीवर प्लास्टिकची फाइल आणि हातात रुमालाचा बोळा.

काकींचा एक शब्दही खोटा नव्हता. पण अधिकाऱ्याच्या कानाने ऐकून बघा. पाहुणी म्हणून व्हिसा घेतला, परतायचा दिवस ठाऊक नाही, आणि आई कामावर गेल्यावर बाळाकडे ही बाई बघणार. भेटीला आलेल्या आजीने थोडे दिवस हातभार लावायला ब्रिटनमध्ये हरकत नाही. तेच पगारी दाईच्या कामासारखं दिसलं तर संशय घेतात. शेवटी फोनवर मराठी दुभाषी मिळाला. काकी त्याला म्हणाल्या, "आमच्याकडे चवथीची माटोळी मी बांधते, त्याआधी मला घरी पोचायलाच हवं." (चवथ म्हणजे गणेशचतुर्थी, आणि माटोळी म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळांनी सजवलेली चौकट.) तिकिटावरची तारीख चवथीच्या आठ दिवस आधीची होती. तोंडचं आणि कागदावरचं जुळलं, तेव्हा शिक्का पडला.

म्हणून माझ्याकडे आता नियम आहे: जो प्रवास करणार, त्याला समोर बसवून त्याचा भरलेला फॉर्म मराठीतून वाचून दाखवायचा. कुठे राहणार, कोणाकडे, किती दिवस, खर्च कोण करणार, परत कधी. उत्तरं पाठ करून घ्यायची नाहीत. पाठ केलेलं लगेच ओळखू येतं, आणि प्रश्न जरा फिरवून आला की माणूस गडबडतो. खरं काय ते त्याला स्वतःला माहीत असलं की पुरतं.

न कळता "येस, येस" म्हणणं

ही सगळ्यात घातक सवय, आणि ती आपल्या भिडस्तपणातून येते. प्रश्न कळला नाही की मान डोलावतात. "काम करायला आलात का?" यालाही मान डोलावलेली मी ऐकलीय. कळलं नाही तर "नो अंडरस्टँड, मराठी प्लीज" एवढं म्हणा. कोकणी सोयीची वाटत असेल तर कोकणी मागा. दुभाषी मागितला म्हणून व्हिसा रद्द होत नाही. बाजूला बसवलं म्हणजे परत पाठवणारच असंही नाही. न समजलेल्या कागदावर मात्र सही करू नका.

सगळं फोनमध्ये ठेवणं

उतरल्यावर रोमिंग चालू नसतं, वायफायला ओटीपी लागतो, आणि मुलीचा पत्ता असतो व्हॉट्सॲपवर. पत्ता, फोन नंबर, परतीचं तिकीट आणि विमा कागदावर छापून घ्या आणि हातातल्या पिशवीत ठेवा. चेक-इन केलेल्या बॅगेत नको, कारण ती इमिग्रेशननंतरच मिळते. सोबत एक पेन असू द्या.

एजंटने दिलेलं हॉटेलचं बुकिंग व्हिसा मिळताच रद्द झालेलं असतं, हेही बघा. अधिकारी हॉटेलला फोन लावू शकतो.

व्हिसाची मुदत म्हणजे राहण्याची मुदत समजणं

अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा हातात पडला की माणूस निर्धास्त होतो. त्या वेळी किती दिवस राहायचं ते उतरल्यावर अधिकारी ठरवतो, पर्यटकाला सहसा सहा महिन्यांपर्यंत. ब्रिटनच्या लांब मुदतीच्या भेटीच्या व्हिसावरही एका खेपेला साधारण सहा महिनेच राहता येतं. युरोपातल्या शेंगेन देशांत, म्हणजे जिथे एकच व्हिसा चालतो तिथे, कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस. शिक्का मारला असेल तर तारीख खिडकीपाशीच वाचा.

सिंगापूर, मलेशिया आणि १ मे २०२५ पासून थायलंड, या तिन्ही ठिकाणी पोचण्याआधीच्या तीन दिवसांत आगमनाचा ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो. तो फुकट असतो. पैसे मागणारी साइट दिसली तर ती सरकारी नाही, लगेच बंद करा.

आखाताला जाणाऱ्यांनी पासपोर्टवरचं नाव तपासावं. नाव आणि आडनाव मिळून एकच शब्द असेल तर संयुक्त अरब अमिरातीत भेटीच्या व्हिसावर अडवतात. हा नियम नोव्हेंबर २०२२ मध्ये आला. आपल्याकडच्या जुन्या पासपोर्टांत आडनावाची जागा कोरी असलेली मी अजून बघते. तिकीट काढण्याआधी ते बघा. सामानात खसखसही नको. तिथे ती अमली पदार्थांच्या कायद्यात बसते आणि कस्टम्समध्ये पकडली तर प्रकरण कोर्टापर्यंत जाऊ शकतं.

पोर्तुगीज पासपोर्ट आहे म्हणून गाफील राहणं

गोव्यातल्या कित्येक घरांत नवऱ्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट आणि बायकोकडे भारतीय, असं असतं. ३१ डिसेंबर २०२० नंतर त्या पासपोर्टावर ब्रिटनमध्ये सरळ जाऊन राहता येत नाही. नुसतं भेटीला जायचं तरी २ एप्रिल २०२५ पासून ईटीए, म्हणजे प्रवासाआधीची ऑनलाइन परवानगी, काढावा लागतो. ज्यांना तिथे राहण्याचा दर्जा आधीच मिळालाय, त्यांची अडचण निराळी. पासपोर्ट नवा होतो, पण ब्रिटन सरकारकडच्या त्यांच्या ऑनलाइन खात्यात जुनाच नंबर राहतो, आणि मग विमान कंपनीला त्यांचा दर्जा दिसत नाही. चवथीला किंवा नाताळला घरी येऊन इथेच पासपोर्ट बदलणाऱ्यांचं हे हमखास होतं. नवा पासपोर्ट हातात आला की त्याच संध्याकाळी खातं उघडून नंबर बदला.